तापमान सेन्सर चालू केला की प्रोसेसर गाढ झोपत नाही. सेन्सर बंदच ठेवावा का?

नका बंद करू. तुम्ही लिहिलंय की बोर्ड ओमॅप३ (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची प्रोसेसर चिप) चा आहे, लिनक्स कर्नेलमध्ये थर्मल ड्रायव्हर (तापमान सेन्सर चालवणारा कोड) चालू केला की रिकाम्या वेळचा करंट चढतो आणि ड्रायव्हर काढला की उतरतो. त्यावरून सेन्सर आणि गाढ झोप या दोन्हींपैकी एकच मिळणार असं वाटणं साहजिक आहे. पण वीज सेन्सर खात नाहीये, त्याच्या क्लॉकमुळे (त्याला चालवणाऱ्या ठोक्यांच्या सिग्नलमुळे) बाकीचं जे जागं राहतं ते खातंय.

चिपमधल्या या तापमान सेन्सरची (त्याला बँडगॅप सेन्सर म्हणतात) स्वतःची भूक अगदी थोडी असते. ड्रायव्हर मात्र सुरू होताना त्याचा क्लॉक चालू करतो आणि सोडतच नाही. चिपचे भाग पॉवर डोमेन नावाच्या गटांत विभागलेले असतात, आणि डोमेनमधला एक क्लॉक जरी कोणी धरून ठेवला, तरी ते डोमेन रिटेन्शनमध्ये (फक्त स्थिती जपणारी झोप) किंवा ऑफमध्ये (पूर्ण बंद) जात नाही. सीपीयू आपल्या परीने थांबलेला असतो, कोअर डोमेन मात्र टक्क जागं. यावर २०२० साली एक पॅच आला: सीपीयू क्लस्टर (सगळे कोअर मिळून) झोपायला निघाला की ड्रायव्हर सेन्सरच्या रजिस्टरमधली मूल्यं जपून ठेवतो, क्लॉक सोडतो आणि उठल्यावर पुन्हा घेतो. तुमचा कर्नेल त्याआधीचा असेल तर पहिलं काम कर्नेल बदलण्याचं.

दुसरं, डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलमधला) पोलिंग-डिले, म्हणजे दोन रीडिंगमधलं अंतर, बघा. तो २५० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला चार वेळा प्रोसेसर उठणार, आणि दर वेळी गाढ झोप मोडणार. मी तो बिनदिक्कत वाढवतो. कारण साधं आहे: गाढ झोपलेली चिप स्वतःला तापवत नाही, ती निवतच जाते. रीडिंगची खरी गरज काम जोरात चालू असताना असते, आणि तेव्हा प्रोसेसर जागाच असतो.

याला एक अपवाद आहे आणि तो हलक्यात घेऊ नका: बाहेरून येणारी उष्णता. बंद डबा उन्हात असेल किंवा शेजारीच बॅटरी चार्ज होत असेल, तर झोपेतही चिप तापते. तापली की लीकेज (काम नसतानाही झिरपणारा करंट) वाढतं, म्हणजे रिकाम्या वेळचा करंटही वाढतो. तिथे मी आतल्या सेन्सरवर विसंबत नाही. ओमॅप३ वर तर बूट होताना कर्नेलच बजावतो की हा सेन्सर भरवशाचा नाही. टीएमपी१०२ सारखा बाहेरचा सेन्सर लावा, त्यात मर्यादा भरा आणि अलर्टची पिन प्रोसेसरला उठवू शकेल अशा जीपीआयओला (प्रोसेसरच्या साध्या इनपुट पिनला) जोडा. सर्वांत कमी दर लावलात तर चार सेकंदांतून एकदा तो स्वतःच मोजत राहतो. शटडाउनमध्ये टाकलात तर करंट १ मायक्रोअँपिअरच्या आत येतो, पण मग तो मोजतही नाही आणि अलर्टही देत नाही. हा फरक बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो.

मायक्रोकंट्रोलरवर हाच प्रश्न मला वेगळ्या रूपात भेटला होता. रीडिंग तयार झाल्याचा इव्हेंट आला, मी झोपेची सूचना दिली, तरी करंट उतरेना. दोन दिवसांनी इरॅटा (चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी) उघडला तेव्हा कळलं की इव्हेंट आल्यावरही सेन्सरचा ॲनालॉग भाग चालूच राहतो, त्याला वेगळा स्टॉप द्यावा लागतो. एका ओळीचं काम. पण २२० मिलिअँपिअर-तासांचा बटण सेल १० मायक्रोअँपिअरवर अडीच वर्षं पुरतो आणि १०० वर जेमतेम तीन महिने, म्हणून त्या एका ओळीचं मोल मोठं.

आता तुमच्या बोर्डावर एवढं करा. डीबगएफएसमध्ये (कर्नेलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये) प्रत्येक पॉवर डोमेन कोणत्या स्थितीत किती वेळा गेलं याची मोजणी असते. बोर्ड मिनिटभर रिकामा ठेवा आणि कोअरचे रिटेन्शन आणि ऑफचे आकडे वाढतात का ते पाहा. वाढत नसतील तर तिथलीच क्लॉक समरी (सगळ्या क्लॉकची यादी) उघडून ‘टीएस_एफसीके’ या सेन्सरच्या क्लॉकसमोरचा एनेबल काउंट, म्हणजे तो किती जणांनी धरलाय तो आकडा, बघा. तिथे शून्य असेल तर सेन्सर निर्दोष आहे, क्लॉक दुसरंच कोणीतरी धरून बसलंय. ती यादी इथे टाका, मी बघतो.