सुट्टीत बाहेरगावी न जाता मुलांसोबत घरी आणि घराजवळ काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत, वसंतातली आठवडाभराची सुट्टी आहे, बाहेरगावी जाणं जमणार नाही आणि तुम्हा दोघांनाही निम्मा दिवस घरून काम आहे. आमच्याकडे सलग तीन वर्षं अगदी हीच परिस्थिती होती. माझ्या मुलांची वयंही तेव्हा साधारण तीच, म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. मी फ्रिजवर तासातासाचं वेळापत्रक लावलं होतं, रंगीत पेनांनी लिहिलेलं. मंगळवारी दुपारी धाकट्याने त्याचं विमान केलं. बुधवारी तिकिटं काढून मुलांच्या खेळायच्या एका मोठ्या ठिकाणी गेलो. दीड तास रांग, वीस मिनिटं खेळ आणि परतताना मागच्या सीटवर हाणामारी. रोज नवं काहीतरी द्यायचं ठरवलं की आपण आईबाप राहत नाही, कार्यक्रमाचे आयोजक होतो आणि मुलं प्रेक्षक होऊन बसतात. गुरुवारपर्यंत आयोजकाचा जीव जातो.

दुसऱ्या वर्षापासून मी एवढंच ठरवलं: पहिल्या दिवशी सुरू होऊन शेवटपर्यंत चालणारं एक छोटं काम, मोठा पसारा घालायचा एक दिवस, आणि एक दिवस संपूर्ण मुलांचा. बाकी वेळ मोकळा. 'कंटाळा आला'ला उत्तर द्यायचं नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं कुरकुर होते, ती सोसायची तयारी ठेवा. नंतर ती आपलं आपण काहीतरी शोधून काढतात. तुमचं ऑफिसचं काम याच वेळात होईल.

आठवडाभर चालणारं आमचं काम होतं सावली मोजण्याचं. गच्ची, अंगण, मैदानाचा कोपरा, कुठेही ऊन लागणारी सपाट जागा चालेल. मीटरभर लांबीची सरळ काठी कुंडीत उभी रोवली, दोऱ्याला दगड बांधून ती नीट उभी आहे ना ते पाहिलं, आणि पहिल्या दिवशी बारा ते एक दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण केली. (लांबी कुंडीतल्या मातीपासून नको, सावली पडते त्या जमिनीपासून काठीच्या टोकापर्यंत मोजा, ती मीटरभर हवी.) थोरलीला खात्री होती की बरोबर बाराला सावली सगळ्यात छोटी असणार. ती निघाली बारा चाळीसला. मग घड्याळ चुकलं की सूर्य, यावर जेवढा वाद झाला तेवढा मी आयोजित करूनही झाला नसता. खरं तर घड्याळ चालतं सगळ्या प्रदेशासाठी ठरवलेल्या एका रेखांशाच्या वेळेवर, आणि सूर्य चालतो तुमच्या घराच्या रेखांशावर. एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. वर्षभरात सूर्यही थोडा पुढेमागे होत असतो ते वेगळंच.

पुढचे दिवस फक्त त्या वेळेची एक खूण करायची, पाच मिनिटांचं काम. आमची सुट्टी २० मार्चच्या आसपास सुरू झाली होती, दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात त्या सुमाराला. तेव्हा सूर्य रोज सगळ्यात वेगाने उत्तरेकडे सरकत असतो. पहिल्या दिवशी ३८ सेंटीमीटर असलेली सावली आठवड्याने ३३ भरली. पाच सेंटीमीटर! धाकट्याला वाटलं कुणीतरी खूण पुसून नवी काढली. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून जितकं लांब राहाल तितका हा फरक जास्त दिसेल.

यात एक भर घाला. माझी बहीण आमच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सहाशे चाळीस किलोमीटरवर राहते. पहिल्या दिवशी तिलाही फोन करून तेवढ्याच लांबीची काठी रोवायला लावली. मावशीची सावली ५१ सेंटीमीटर आली. दोन्ही त्रिकोण कागदावर पाचपट लहान करून काढले, काठीच्या टोकापाशी कोनमापक ठेवला, तर आमचा कोन साधारण २१ अंश आणि मावशीचा २७. सहा अंशांच्या फरकाला ६४० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? थोरलीने गुणाकार केला: ३८,४००. पृथ्वीचा खरा परीघ ४० हजारांच्या आसपास. दोन काठ्या आणि एक फोन एवढ्या भांडवलावर हे उत्तर मला तरी फारच चांगलं वाटलं. साधारण २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हीच युक्ती केली होती. दक्षिणेच्या सायीनी गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला. गोष्ट सांगायची असेल तर मोजून झाल्यावर सांगा. आधी सांगितली की तो शाळेचा धडा होतो.

आता पसाऱ्याचा दिवस. एका खोलीची खिडकी पुठ्ठे, काळा कागद, जुनी चादर, जे मिळेल त्याने पूर्ण बंद करा. फटींना चिकटपट्टी लावा. पुठ्ठ्यात साधारण दीड सेंटीमीटरचं एकच भोक ठेवा आणि दार लावून बसा. आधी काहीच दिसत नाही. मुलं चुळबुळ करतात, एखादा 'आई, हे काही खरं नाही' म्हणतो. डोळे अंधाराला सरावायला दहाएक मिनिटं लागतात. आणि मग समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटायला लागतो, उलटा. आमच्या भिंतीवर आधी आभाळ दिसलं, खाली फरशीजवळ निळा पट्टा. त्यावर लोंबकळणारी समोरची इमारत. छताजवळ रस्ता, आणि त्या रस्त्यावरून एक माणूस खाली डोकं वर पाय करून चालत गेला. धाकटा पहिल्यांदा हसला आणि मग एकदम गप्प झाला. मला स्वतःला धक्का बसला तो रंगांचा. अंधुक, सावल्यांसारखं काहीतरी दिसेल अशी माझी कल्पना होती. इथे वाळत घातलेला लाल टॉवेल लालच दिसत होता, हलतही होता.

यात दोन गोष्टी सांभाळा. बाहेरच्या दृश्यावर ऊन पडलेलं हवं. पश्चिमेच्या खिडकीला सकाळी करा, पूर्वेच्या खिडकीला दुपारनंतर. आणि समोरची भिंत गडद रंगाची असेल तर पांढरी चादर टांगा. भोक लहान केलं की चित्र रेखीव होतं पण अंधुक, मोठं केलं की उजळ पण धूसर. हे मुलांनाच पुठ्ठ्याचे तुकडे कापून करून बघू दे, आमच्याकडे त्यातच दोन तास गेले. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा किरण भोकातून खाली येतो आणि खालचा वर जातो. इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने हजारेक वर्षांपूर्वी या भोकाचा आणि प्रकाशाचा नीट अभ्यास केला होता. कॅमेरा हा शब्दही यातूनच आला: 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे लॅटिनमध्ये अंधारी खोली. आपण ज्याला कॅमेरा म्हणतो ती मुळात खोलीच. मात्र एक नियम दोघांकडून वदवून घ्या: भोकातून, भिंगातून, दुर्बिणीतून थेट सूर्याकडे कधीही बघायचं नाही.

मुलांच्या दिवसाबद्दल फार लिहायला नको, कारण तो तुमच्या हातात नसतो. नियम दोनच: अंधार पडायच्या आत घरी आणि आधी ठरवलेल्या पैशांतच. माझ्या थोरलीने बसने पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं ठरवलं. मला वाटलं, यात काय आहे? पण ज्या बसमधून मी वर्षानुवर्षं तिसऱ्या थांब्यावर उतरत आले, ती पुढे कुठे जाते हे मलाही माहीत नव्हतं. शेवटच्या थांब्यावर उतरलो, तिथे फक्त एक झाड आणि चालकांचं बाक होतं. पुढच्या बसने परत. मुलीच्या मते सुट्टीतला सगळ्यात चांगला दिवस.

बाकी भराभर सांगते. संग्रहालयात जाणार असाल तर एका वेळी तीनच वस्तू बघा आणि निघा. मुलांना तिथलं 'सगळं' बघायचं नसतं, ती आपली हौस. जमिनीचा एक मीटर लांब-रुंद चौकोन दोरीने आखून त्यात किती प्रकारचे जीव सापडतात ते भिंगाने मोजा. मुंग्यांची रांग सापडली तर तिच्या वाटेवरून एकदा बोट घासा. त्या वासाच्या मागावर चालतात, त्यामुळे तिथे येऊन घुटमळतात, मग नवा माग लागतो. खजिना शोधायच्या खेळात खजिना मुलांना तुमच्यासाठी लपवू द्या, तुम्ही त्यांच्यासाठी नको. चिठ्ठ्या लिहिण्यात अख्खी सकाळ जाते. थोड्या मोठ्या मुलांना जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसवरून शोधायचा खेळ, आवडेल. जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने २ मे २००० ला बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने जंगलात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तो खेळ आज जगभर चालतो. तुमच्या आसपास डबे आहेत का ते ॲपवर दिसेल. आमच्याकडे जवळ एकही नव्हता.

आणि एक संध्याकाळ आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासाठी राखून ठेवा. ते तुमच्या गावावरून कधी जाणार हे नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर कळतं. सूर्यास्तानंतरच्या तास-दीड तासात किंवा पहाटे दिसतं, दुर्बीण लागत नाही. न लुकलुकणारा ठळक ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला पृथ्वीची एक फेरी, आणि नोव्हेंबर २००० पासून त्यात सतत कुणी ना कुणी राहतंय. आमचे पहिले दोन दिवस ढगात गेले. तिसऱ्या दिवशी दिसलं, धाकट्याने हात हलवला, आणि आकाशाच्या मध्यावरच ते विझून गेलं. कुठे गेलं म्हणून तो रडवेला झाला. पृथ्वीच्या सावलीत गेलं, म्हटलं. त्याने गच्चीवरच्या खडूच्या खुणांकडे पाहिलं आणि विचारलं, ती किती सेंटीमीटर?