आजोबांच्या ट्रंकेतला बिल्ला कृपया उजळवू नका

ट्रंकेत सापडलेला जर्मन पायदळाचा हल्ला-बिल्ला (दुसऱ्या महायुद्धात हल्ल्यात भाग घेतलेल्या सैनिकांना दिले जाणारे सन्मानचिन्ह) राखाडी पडला आहे, तो उजळवून मग जाणकाराला दाखवावा का, असे आपण विचारले आहे. वाचून पोटात गोळा आला, कारण नेमके हेच मी केले होते.

माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९४४ साली इटलीत लढले आणि येताना असाच एक बिल्ला घेऊन आले. त्याच्या अस्सलपणाचा लेखी दाखला मिळावा म्हणून मी एका कार्यालयात गेलो, तर तेथील गृहस्थांनी तो हातातही न घेता 'आधी स्वच्छ करून आणा' असे फर्मावले. मीही शहाणा, देवाच्या उपकरणांबरोबर तो चिंचेच्या कोळात टाकला. पितळेला चिंच चालते, जस्ताला मात्र आम्ल खाते. बारीक बुडबुडे येऊ लागले, तेव्हा मळ निघतो आहे असे समजून मी कौतुकाने पाहत बसलो आणि वर ब्रशही फिरवला. बाहेर काढला तेव्हा गरुडाच्या पंखांतली रुपेरी छटा गेली होती आणि खरबरीत, उघडे जस्त उरले होते. पंधरवड्याने त्याच कार्यालयाने 'मूळ मुलाम्याचा मागमूस नाही, सबब प्रमाणित करता येत नाही' असा शेरा मारला. शुल्क अर्थातच परत मिळाले नाही.

हा बिल्ला डिसेंबर १९३९ मध्ये रुपेरी रूपात सुरू झाला आणि जून १९४० पासून मोटारवाहू पायदळासाठी कांस्यरंगी प्रकारही निघाला. सुरुवातीचे नग तोंबाक या तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे असून त्यांवरचा चांदीचा मुलामा बऱ्यापैकी टिकतो; नंतरच्या जस्ताच्या नगांवर इतका पातळ थर असे की तो कालांतराने विरून बिल्ला करडा दिसू लागतो. म्हणजे आपल्याला जो मळ वाटतो आहे, तोच बहुधा त्याच्या अस्सलपणाचा पुरावा आहे.

दहापट भिंग घ्या, खिडकीचा प्रकाश तिरपा पडू द्या आणि उंचवट्यांऐवजी खोबणी पाहा: ओकच्या पानांमधल्या फटी, बंदुकीच्या कडा, आणि मागे पिनेखालची पट्टी, जिथे हात वा कापड पोहोचत नाही. खऱ्या झिजेत उंच भाग उघडे पडतात व खोबणीत रंग राहतो. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल, तर तो मुद्दाम चढवलेला असण्याची शंका मी घेतो. अतिनील दिव्याखाली आधुनिक रंग पुष्कळदा चमकतात, पण चमकला नाही म्हणून अस्सल असे मुळीच नाही. ॲसिटोनचा बोळा फिरवून पाहा असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे, हे माझे ठाम मत आहे.

मी धातुतज्ज्ञ नव्हे, केवळ हात पोळलेला संग्राहक आहे, तेव्हा माझा शब्द अंतिम मानू नये. जाणकाराला दाखवेपर्यंत बिल्ला लाकडी पेटीत ठेवू नका, कारण लाकडातून, विशेषतः ओकमधून, निघणारी आम्लवाफ जस्ताला बाधते. आम्लरहित कागदात गुंडाळून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात ती पुडी बदलत राहा. शक्य झाल्यास मागच्या बाजूची दोन छायाचित्रे टाका, मात्र पिन उघडून, म्हणजे तिच्याखालचा रंग दिसेल.