तासगावच्या द्राक्षबागेतला ठिबक कंट्रोलर दोन-तीन दिवसांनी पिंगला उत्तर देणं बंद करतो, रीसेट केला की चालतो. एलडब्ल्यूआयपीचा (कंट्रोलरमधला छोटा नेटवर्क स्टॅक) पीबफ पूल, म्हणजे पॅकेट्स ठेवायच्या बफरचा साठा, वाढवू का?

नको. पूल वाढवलात तर दोन दिवसांचे चार होतील, एवढंच. लक्षणं बफर गळतीची आहेत, म्हणजे घेतलेले बफर परत सोडले जात नाहीत.

ड्रायव्हरचं रिसीव्ह फंक्शन उघडा. पीबफ नेटिफच्या (नेटवर्क इंटरफेसच्या) इनपुट फंक्शनला दिला की मालकी स्टॅककडे जाते. पण इनपुटने ईआरआर_ओके (यशाचा कोड) सोडून काहीही परत दिलं, तर पीबफ_फ्री (बफर परत सोडणं) ड्रायव्हरनेच करायचं. स्टॅकचा मेलबॉक्स (आलेल्या पॅकेट्सची रांग) भरला की हीच वेळ येते, आणि ब्रॉडकास्टच्या (नेटवर्कवर सगळ्यांना पाठवलेल्या पॅकेट्सच्या) गर्दीत तो भरतोच. टेबलावर एकट्या लॅपटॉपसोबत हे कधी दिसणार नाही.

यूडीपी कॉलबॅकही (यूडीपी पॅकेट आलं की चालणारं तुमचं फंक्शन) तपासा, तिथे आलेला पीबफ तुम्हीच सोडायचा असतो; मधूनच रिटर्न मारलेल्या ओळी आधी बघा. मेमपी स्टॅट्स (पूलच्या वापराचे आकडे) चालू करून ट्रॅफिक थांबवा. पूलचा वापर मूळ आकड्यावर परत आला नाही, तर गळती पक्की.