न वाचलेल्या निबंधाखालचं ‘छान’

“निबंधाखाली मी ‘छान’ लिहिलं होतं आणि तो निबंध मी वाचलाच नव्हता.”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत बसता बसता बाई हे बोलल्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अठरा वर्षं त्या भाषा शिकवताहेत. त्या रात्री बेचाळीस वह्या तपासायच्या होत्या आणि विषय होता ‘माझी सुट्टी’. एका मुलाने शेवटच्या तीन ओळींत लिहिलं होतं, की सुट्टीत आजी गेली आणि आता शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार ते कळत नाही. त्याखाली लाल शाईत बरोबरची खूण आणि ‘छान’. दुसऱ्या दिवशी मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला आणि त्या शब्दावर बोट ठेवून नुसता उभा राहिला.

“मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही. घरी गेल्यावर त्या काही न वाटण्याचीच भीती वाटली. मी शिक्षिका राहायच्या लायकीची आहे का हो?”

शाळेतले शिक्षक असोत की विद्यापीठातले प्राध्यापक, हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. बहुतेकांना आपलं मन मेलं असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. सतत देत राहिलेलं मन एका टप्प्यावर स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेतं. कामाच्या ताणाने येणारं हे रितेपण म्हणजे बर्नआऊट. ते मोजण्यासाठी क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये जी मोजपट्टी मांडली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. बाईंकडे तिन्ही होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआऊटची नोंद आजार म्हणून नाही. कामाचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे. हे सांगितल्यावर बाई रडल्या. दोष स्वभावाचा नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तरी मी झोप, भूक, सुट्टीचा दिवस कसा जातो, हे नीट विचारून घेतलं. कोरडेपणा कामापुरता न राहता सगळ्या जगण्यावर पसरला असेल, जगणं नको वाटत असेल, तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. बाईंचं तसं नव्हतं. रविवारी सकाळी त्या बऱ्या असायच्या, संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू व्हायची.

मग आठवडाभर त्यांनी वेळ लिहून काढला, दोन रकान्यांत: ‘मुलांबरोबर’ आणि ‘मुलांविषयीचे कागद’. दुसरा रकाना पान उलटून पुढे गेला. माहिती भरणं, फोटो चढवणं, तीच आकडेवारी तीन नमुन्यांत, आणि पालकांच्या ग्रुपवर रात्री पावणेबाराला आलेलं “उद्या काय आणायचं?” अशा माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगून घरी पाठवणं मला पटत नाही. श्वासाने कागद कमी होत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितली. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर हळूहळू प्रत्येक निबंध त्यांना मशीनने लिहिल्यासारखा वाटू लागला. “पोराने लिहिलंय की नाही कोण जाणे, मग मी तरी कशाला वाचू?” वाचन सुटलं ते इथे. थकव्याइतकाच हा संशयही त्यांना पोखरत होता. पकडायचं सॉफ्टवेअर वापरू का, असं त्यांनी विचारलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच्या भरवशावर मुलाला चोर ठरवू नका, म्हटलं. उपाय त्यांनाच सुचला. पहिला परिच्छेद वर्गात, हाताने. मूल कसं लिहितं ते डोळ्यांसमोर दिसलं की पुढचं ओळखू येतं.

वह्यांचंही बदललं. दर वेळी दहाच वह्या, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. उरलेल्यांवर फक्त ‘पाहिले’, आणि पुढची पाळी त्यांची. हे त्यांनी वर्गाला सांगून टाकलं. त्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मी तुझं न वाचता छान लिहिलं. चुकलं माझं.” तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला ते छान वाटलं.” हे मला सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही.

मुख्याध्यापकांकडे त्या दोन मागण्या घेऊन गेल्या. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, हे मान्य झालं. एकच माहिती तीनदा भरायची नाही, याला “बघू” असं उत्तर मिळालं. त्यांच्याच शाळेतले आणखी दोघे शिक्षक आता वेळेचे रकाने लिहू लागले आहेत. ते कागद घेऊन तिघं पुन्हा जाणार आहेत, आणि तिथे काय बोलायचं याची तयारी आम्ही पुढच्या भेटीत करणार आहोत.