'तपकिरी डोक्याचा कुरव' हे नाव चुकीचे आहे का?

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे हिवाळ्यात जे पांढरे पक्षी उडत येतात, त्यांचे डोके पांढरेच दिसते. मग त्यांना 'तपकिरी डोक्याचा कुरव' (कुरव म्हणजे सीगल) म्हणणे चूक नाही का, आणि सरळ 'समुद्रपक्षी' म्हटले तर काय बिघडेल, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

नाव चूक नाही. ते विणीच्या हंगामातील पिसाऱ्यावरून पडलेले आहे. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे कुरव मुंबईत दिसू लागतात, तेव्हा डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे काळपट ठिपका तेवढा उरलेला असतो. वसंतात परतीला निघण्यापूर्वी मात्र काहींच्या डोक्यावर तपकिरी रंग चढू लागतो आणि तो आपल्या बंदरातही पाहायला मिळतो. खरा घोटाळा होतो तो 'काळ्या डोक्याचा कुरव' या नावाने, कारण त्याचेही डोके विणीच्या काळात काळे नसून गडद चॉकलेटी असते. हे दोन्ही कुरव एकाच थव्यात मिसळलेले असतात, म्हणून डोक्यापेक्षा पंख आणि डोळे पाहावेत: तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकांत पांढरे डाग असतात व त्याचे बुबुळ फिकट असते, काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो आणि उडताना पंखाची पुढची पांढरी कड उठून दिसते.

'समुद्रपक्षी' हा शब्द मला या पक्ष्यासाठी अपुरा वाटतो. एक तर त्यात सुरयांसारखे (इंग्रजीत टर्न) इतर पक्षीही येतात. सुरय टोकदार चोचीने पाण्यात सूर मारतो, तर कुरव पाण्यावर बसतो, पोहतो, वरवरचे खाद्य टिपतो आणि बंदरात टाकून दिलेली मासळीही सोडत नाही. दुसरे म्हणजे, तपकिरी डोक्याचा कुरव पिल्ले वाढवतो ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तिबेटच्या पठारावर आणि लडाखमधील त्सो मोरिरीसारख्या, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील सरोवरांच्या काठी. समुद्र हे त्याचे केवळ हिवाळ्याचे बिऱ्हाड आहे.

बोलताना 'सीगल' म्हणण्यास माझी हरकत नाही, परंतु लिहिताना 'कुरव' हाच शब्द योजावा. तो पुल्लिंगी असून अनेकवचनातही तसाच राहतो: एक कुरव, अनेक कुरव, कुरवांचा थवा.