वहीतले उत्तर २, संगणकाचे २.१३८१

प्रश्न : मी सांख्यिकीची विद्यार्थिनी आहे. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ संख्यांचे प्रमाण विचलन मी वहीत काढले, ते बरोबर २ आले. ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या संगणक-प्रणालीतील ‘एसटीडी’ हे अंगभूत फंक्शन मात्र २.१३८१ दाखवते. चूक कोणाची? आणि अशी फंक्शने नीट शिकण्यासाठी मराठीत काही आहे का?

उत्तर : चूक कोणाचीच नाही. या संख्यांची सरासरी ५ आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३२ आहे. आपण ३२ ला ८ ने भागून वर्गमूळ काढलेत. ऑक्टेव्हने ७ ने भागले. आपली आकडेवारी हा मोठ्या समूहातून घेतलेला नमुना आहे, असे हे फंक्शन गृहीत धरते. नमुन्याची सरासरी त्याच संख्यांवरून काढलेली असल्यामुळे तिच्यापासूनचे फरक समूहाच्या खऱ्या सरासरीपासूनच्या फरकांपेक्षा एकंदरीत लहानच भरतात, आणि ही तूट भरून काढण्यासाठी भाजक एकाने कमी केला जातो. या आठ संख्या हाच आपला संपूर्ण समूह असेल, तर ‘एसटीडी(एक्स, १)’ असे लिहावे; येथे एक्स म्हणजे आपल्या संख्यांची यादी. उत्तर २ येईल.

येथे एक खाचखळगा आहे. ‘मीन’ या फंक्शनमध्ये दुसऱ्या जागेवरचा १ ‘स्तंभांनुसार सरासरी काढा’ असे सांगतो, तर ‘एसटीडी’मध्ये त्याच जागेवरचा १ भाजक बदलतो आणि दिशा (स्तंभांनुसार की ओळींनुसार) तिसऱ्या जागेवर द्यावी लागते. एकातली सवय दुसऱ्यात नेली, तर संगणक कोणतीही तक्रार न करता वेगळेच उत्तर देतो. पायथन या संगणकभाषेच्या नमपाय या आकडेमोडीच्या फंक्शनसंचामध्ये ‘एसटीडी’ याच नावाचे फंक्शन मुळातच ८ ने भागते, म्हणजे तेथे आपल्या वहीतले २ काही न सांगता मिळाले असते!

म्हणून नवे फंक्शन वापरण्यापूर्वी ‘हेल्प एसटीडी’ असा आदेश देऊन भाजक कोणता आणि कोणत्या जागेवर काय द्यायचे, एवढे तरी वाचावे. नावच ठाऊक नसेल, तर ‘लुकफॉर’ मदतीच्या मजकुरातून शोधून देते. त्यानंतर उत्तर आधीच माहीत असलेले छोटे उदाहरण चालवून पाहावे, जे आपण नकळत केलेच आहे.

मराठीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पातील, सायलॅब या ऑक्टेव्हसारख्याच प्रणालीचे दृक्‌श्राव्य धडे पाहावेत. ते लहान आहेत आणि अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर सायलॅब ठेवून, थांबत थांबत स्वतः करून पाहण्यासाठी रचलेले आहेत. नुसते ऐकून फारसे हाती लागत नाही. सायलॅब ऑक्टेव्हच्या जवळचे असले तरी जसेच्या तसे नाही : तेथे ‘पाय’ (π) या स्थिरांकाच्या नावाआधी टक्क्याचे चिन्ह लागते आणि प्रमाण विचलनाच्या फंक्शनचे नाव ‘एसटीडेव्ह’ आहे.