शब्बाथ पाळणाऱ्या घरातून पीसीबीचा धंदा जमतो का, आणि बोर्ड मागवायचे कुठून?

तुमचे प्रश्न दोन आहेत. टाकीच्या पाण्याच्या कंट्रोलरसाठी दोन-तीनशे पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवायचे छापील सर्किट बोर्ड लागणार, ते चीनमधल्या शेनझेनहून मागवावेत की इथेच करून घ्यावेत? आणि सासरी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंतचा विसाव्याचा दिवस, कडक पाळतात, त्यात हा व्यवसाय अडेल का? मी ठाण्याचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं युनिट आहे, पंपाचे कंट्रोलर बनवतो. तेव्हा दोन्हींबद्दल सांगू शकतो.

नमुन्याचे बोर्ड खुशाल चीनमधून मागवा. १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतले दोन लेअरचे पाच बोर्ड तिथे इतके स्वस्त पडतात की कुरिअरचं भाडं बोर्डांच्या किमतीहून जास्त होतं. मागवताना फर्मच्या नावाने मागवा, आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आधी काढून ठेवा आणि बिल ऑफ एंट्रीवर (कस्टमच्या आयात कागदावर) तुमचा जीएसटी नंबर पडतोय ना ते कुरिअरवाल्याकडून बघून घ्या. नाहीतर आयातीवर भरलेल्या १८ टक्के आयजीएसटीचं क्रेडिट हातचं जातं.

डिझाइन पक्कं झालं की लॉट मात्र इथेच करून घ्या. पुणे, गांधीनगर, बंगळूर, कुठलाही चांगला कारखाना चालेल. टूलिंगचा, म्हणजे तुमच्या बोर्डासाठी कारखान्याने करायच्या सुरुवातीच्या तयारीचा खर्च एकदाच होतो. बीबीटीचे, म्हणजे रिकाम्या बोर्डाच्या विजेच्या चाचणीचे पैसे वाचवू नका. टेस्ट न केलेल्या बोर्डात आतल्या आत तुटलेला ट्रॅक (तांब्याची रेघ) शोधण्यात जो वेळ जातो त्याचं बिल कोणी देत नाही. आणि बोर्ड वाकडा निघाला तर गाडी काढून कारखान्यात जाता येतं, हा फायदा कोटेशनमध्ये कुठे दिसत नाही.

आता शब्बाथ. लोकांना वाटतं अडचण शनिवारी दुकान बंद ठेवण्याची आहे. ती अजिबात नाही. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेलीच म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, आणि गिऱ्हाईक तरीही येत होतं. खरी अडचण आहे ती इंजिनिअरिंग क्वेरीची. गर्बर फाइल (बोर्डाच्या नकाशाची फाइल) पाठवली की कारखान्याचा माणूस ती तपासतो आणि शंका आली तर ऑर्डर होल्डवर टाकून मेल करतो. तुम्ही उत्तर देईपर्यंत काम हलत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा शेनझेनमध्ये साडेआठ झालेले असतात. म्हणजे तिथल्या माणसाने शुक्रवारी रात्री उशिरा शंका काढली की तुमचा फोन शनिवारी अंधार पडेपर्यंत बंद, मग त्यांचा रविवार. सोमवार उजाडतो.

यावर उपाय शनिवारी चोरून मेल बघणं हा नाही. शंकेला जागाच ठेवायची नाही. माझ्या अनुभवात क्वेरी ठरावीक कारणांनीच येतात. रिलेखाली (पंप चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचखाली) मेन्सची २३० व्होल्टची वीज आणि लो व्होल्टेज वेगळं करायला जी फट कापतो, ती काहीजण नुसती सिल्कस्क्रीनवर (छापील अक्षरं-खुणांच्या थरात) काढतात. ती बोर्डाच्या आउटलाइनच्याच लेअरवर हवी. भोकांची ड्रिल फाइल झिपमध्ये टाकायची राहते. व्ही-कटच्या (बोर्ड तोडून वेगळे करायच्या खाचेच्या) रेषेला चिकटून ट्रॅक किंवा पॅड (सोल्डर करायची तांब्याची जागा) असतो. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल जोडा: एफआर-४ (बोर्डाचं मटेरियल), जाडी १.६ मिलिमीटर, तांबं ३५ की ७० मायक्रॉन, फिनिश (तांब्यावरचा लेप) कुठलं, मास्कचा (वरच्या संरक्षक थराचा) रंग, प्लेटिंग नसलेली, म्हणजे आतून तांबं न चढवलेली भोकं कोणती. मोटरचा करंट बोर्डावरून जाणार असेल तर ७० मायक्रॉनच मागा. २३० व्होल्टच्या ट्रॅकपासून लो व्होल्टेजची बाजू निदान ६ मिलिमीटर लांब राहू द्या. आणि फाइल सोमवारी पाठवा, गुरुवारी नको.

सणांचं मात्र आधीच बघावं लागतं. २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला यॉम किप्पूर (ज्यूंचा उपवासाचा दिवस), दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, वर चीनची राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी १ तारखेपासूनच सुरू. मी सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) उपाशी, कामगार घरी आपट्याची पानं वाटतायत, आणि शेनझेनमध्ये फोन उचलायला कोणी नाही. मशीनला हार आदल्या दिवशीच घालून झाले होते. पुढे आमचा सुक्कोथचा सण, मग लगेच दिवाळी. त्यामुळे माझ्याकडे भिंतीवर कालनिर्णयशेजारी सिनेगॉगचं कॅलेंडर असतं आणि त्यावर पेन्सिलीने चिनी सुट्ट्या. ऑक्टोबरमध्ये लागणारे बोर्ड ऑगस्टमध्येच सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाला कारखाने पुन्हा बंद, तेही धरा.

घराचं म्हणाल तर सासूबाईंशी एकाच गोष्टीवरून वाद होईल: जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग. त्यात त्यांचंच बरोबर आहे, शिसं आहे ते. पेसाहच्या (वसंतातल्या ज्यू सणाच्या) आधी तर घराचा कोपरान् कोपरा साफ होतो, तेव्हा बोर्डांचे खोके आधीच हलवा. रोश हशानाच्या (ज्यू नववर्षाच्या) आदल्या दिवशी हलव्याचं पातेलं तासन् तास ढवळायला घरातले सगळे हात लागतात, त्या दिवशी डिलिव्हरीची तारीख कोणालाच देऊ नका. मोठी ऑर्डर आली तर नवसाचा मलिदा (गोड पोहे वाटून आभार मानायचा आमचा विधी) कराल, त्याला मात्र कामगारांना जरूर बोलवा. आमच्याकडे गूळ-खोबऱ्याचे पोहे सगळ्यात जास्त तेच खातात.

रिले आणि टर्मिनल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद आणि शनिवारी तुम्ही बंद, म्हणून बुधवार-गुरुवार बरा. सोबत मल्टिमीटर ठेवा: १२ व्होल्टच्या शुगर क्यूब (छोट्या चौकोनी) रिलेच्या कॉइलला साधारण ४०० ओहम दाखवायला हवेत. फार वेगळं काही दाखवलं तर शेजारच्या दुकानात जा.